पाहिजे : ज्याला काहीच येत नाही असा माणूस

पायरीबाईंनी राजीनामा दिला तेव्हा ऑफिसात कोणाचा विश्वास बसला नाही, आणि घरी कोणाला तो बसवून घ्यायचा नव्हता.

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्या एकोणीस वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होत्या. मिक्सर, इस्त्री, ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र, असं काहीही घेतलं की खोक्यात सर्वांत वर जी पुस्तिका असते आणि जी लोक सर्वांत आधी बाजूला ठेवतात, ती त्यांची. पायरी एक : प्लग लावा. पायरी दोन : झाकण बंद आहे ना, ते पाहा. एवढी वर्षं पायऱ्या लिहिल्यावर माणसाचं बोलणंही तसंच होतं. कोणी रस्ता विचारला तरी त्या म्हणायच्या, "आधी इथून वळा. मग थांबा. मग पुढचं सांगते."

कोणाला गाण्याची आवड असते, कोणाला डोंगर चढण्याची. अशा आवडी चारचौघांत सांगता येतात. पायरीबाईंची आवड सांगायला जरा अवघड होती. कुठेतरी कोणीतरी खोकं उघडतं, कागद वाचतं आणि पहिल्याच फटक्यात यंत्र सुरू होतं, या कल्पनेने त्यांना आतून बरं वाटायचं. त्या क्षणी आपण तिथे नसतो, एवढीच काय ती खंत.

मग ऑफिसात नवे मॅनेजर आले. ते मूळचे कायदा विभागातले. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी धोरण जाहीर केलं, "हे बघा बाई, ग्राहकाला कळलं नाही तरी चालेल. कोर्टाला कळलं पाहिजे."

पुढच्या मिक्सरची पुस्तिका अठ्ठेचाळीस पानांची झाली. त्यातली एकतीस पानं इशाऱ्यांची. यंत्र चालू असताना त्यात पाय घालू नये, हा इशारा क्रमांक बावीस. मिक्सर सुरू कसा करायचा हे सदतिसाव्या पानावर होतं, आणि तिथवर पोचलेला माणूस मिक्सर सुरू करण्याच्या मनःस्थितीत उरत नव्हता. पायरीबाईंनी ती पुस्तिका छापून आल्यावर हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्याच दुपारी राजीनामा लिहिला. तीन ओळींचा. कोणालाही कळेल असा.

"म्हणजे आता काय करणार?" नवऱ्याने जेवताना विचारलं.

"स्वतःचं काम. यंत्र कुठलंही असो, एकच कागद. पाठपोट. वाचला की यंत्र चालू. कारखानदारांना लिहून देणार."

"आणि हे कोणाला हवंय?"

"ज्यांना यंत्र चालवता येत नाही त्यांना."

"ते तुला पैसे देणार नाहीत. ते कारखानदाराला शिव्या देणार."

"म्हणून कारखानदार देईल."

नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. तपासायचा म्हणजे बहुतेक वेळा नाकारायचा. पॉलिसीच्या शेवटच्या पानावरचं मुंगीएवढं अक्षर जगात दोनच माणसं वाचतात, एक ते जुळवणारा आणि दुसरा हा, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. स्वभावाने वाईट नव्हता. फक्त कुठल्याही आनंदाच्या बातमीवर त्याचा पहिला प्रश्न असायचा, "कागद कुठाय?"

"अगं, आवड ही रविवारी करायची गोष्ट आहे," तो म्हणाला. "आठवड्याचे बाकीचे सहा दिवस आहेत ना, ते तिच्या अंगावर टाकू नयेत. पेलत नाहीत तिला."

"तुमची आवड काय हो?" पायरीबाईंनी विचारलं.

नवऱ्याने खरोखरच विचार केला. "रविवार," तो म्हणाला.

शेवटी तह झाला. राजीनाम्याची मुदत दोन महिन्यांची होती आणि नियमाप्रमाणे शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तो मागे घेता येत होता. मॅनेजरसाहेबांनीही सांगून ठेवलं होतं की खुर्ची तोवर कोणाला देत नाही. ठरलं असं की तेवढ्या मुदतीत एक तरी धड काम पक्कं झालं तर पायरीबाई मोकळ्या. नाही झालं तर शेवटच्या दिवशी पाचच्या आत परत सदतिसाव्या पानावर.

काम मिळायला पाच आठवडे लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कारखानदार दम्याच्या रुग्णांसाठी औषधाची वाफ करणारं छोटं यंत्र बनवायचा. घरी वापरायचं. एक डबा, एक नळी, औषधाचा कप, त्याचं झाकण आणि तोंडावर धरायचा मास्क. यंत्र चांगलं होतं. दुःख एवढंच होतं की विकलेल्या दर तीन यंत्रांतलं एक 'बंद पडलं' म्हणून परत यायचं, आणि कारखान्यात उघडून पाहिलं की ते ठणठणीत निघायचं. लोकांना ते जोडताच येत नव्हतं.

"गोड बोलणारे पुष्कळ येतात माझ्याकडे," कारखानदार म्हणाला. "मी परीक्षा घेतो. माझी सहा माणसं, ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही. हातात तुमचा कागद, दहा मिनिटं, औषधाऐवजी मिठाचं पाणी. कोणी काही बोलायचं नाही. सहांपैकी चौघांनी वाफ काढली तर वर्षभराचं काम तुमचं. माझ्याकडे अजून अकरा प्रकारची यंत्रं आहेत."

पायरीबाई हसत घरी आल्या. परीक्षेची त्यांना भीती नव्हती, कारण त्यांच्याकडे सासूबाई होत्या.

ही पद्धत एकोणीस वर्षांची. कुठलीही पुस्तिका लिहिली की पायरीबाई यंत्र घरी आणत, कागद सासूबाईंच्या हातात देत आणि स्वतः समोर गप्प बसत. सासूबाईंना कळलं तर कागद पास. पहिल्या वर्षी, इस्त्रीच्या वेळी, सासूबाई प्लग हातात घेऊन पाऊण तास बसल्या होत्या, कारण तो कुठे लावायचा ते लिहिलं नव्हतं. त्या पाऊण तासात पायरीबाई जे शिकल्या ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. तेव्हापासून सासूबाई म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. सासूबाईंनाही या पदाचा अभिमान होता. "मला कळलं म्हणजे जगाला कळलं," त्या शेजारणींना सांगत.

वाफेच्या यंत्राचा कागद सासूबाईंनी चार मिनिटांत पास केला. पायरीबाईंनी तो घेऊन कारखाना गाठला.

सहांपैकी एकाला जमलं. त्याच्या वडिलांकडे तेच यंत्र होतं, असं नंतर निष्पन्न झालं.

बाकीचे पाच जण त्या छोट्या खोलीत एकेक करून आले आणि पायरीबाईंच्या डोळ्यांदेखत बुडाले. एकाने झाकण नुसतं वर ठेवलं. एकीने नळी मास्कमध्ये खुपसली. हिशेबनीस आठ मिनिटं कागद वाचत राहिला आणि शेवटी कागदच मास्कसारखा तोंडाशी धरून हताशपणे बसला. पायरीबाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं. नियमाप्रमाणे गप्प बसल्या.

"मला तुमचा कागद आवडला," कारखानदार नंतर म्हणाला. "दिसायला सुरेख आहे. फक्त चालत नाही."

तरी माणूस दिलदार होता. दहा दिवसांनी, शुक्रवारी, नव्या सहा माणसांवर पुन्हा परीक्षा घ्यायला तयार झाला. शुक्रवार हाच राजीनाम्याचा शेवटचा दिवस होता, हे पायरीबाईंनी त्याला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगायची गरजच नव्हती. त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती आधीच चौकट काढली होती, पट्टी लावून.

दुसऱ्या दिवशी पायरीबाईंनी यंत्र पुन्हा सासूबाईंसमोर मांडलं. यावेळी कागदाकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत बसल्या. सासूबाई तिसरी पायरी मोठ्याने वाचत होत्या आणि हात पाचवी पायरी करत होते.

"आई, तुम्ही कागद वाचतच नाही आहात."

"वाचतेय की."

"हात आधी चालतायत तुमचे. झाकण फिरवून बसवायचं हे कुठे लिहिलंय? मी लिहिलंय 'झाकण लावा'."

सासूबाईंनी सुनेकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अगं, कडेला आटे आहेत. आटे असले की फिरवायचंच असतं. हे काय लिहायचं?"

पायरीबाईंना सगळं एकदम दिसलं. एकोणीस वर्षांत दीडेकशे यंत्रं या हातांखालून गेली होती. शेजारच्या तीन घरांतलं कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं की लोक मेकॅनिकच्या आधी सासूबाईंना बोलवायचे. जिला प्लग कुठे लावायचा ते माहीत नव्हतं ती बाई कधीच गेली होती, आणि तिच्या जागी एक मुरलेली तंत्रज्ञ येऊन बसली होती. एवढ्या वर्षांत तपासणाऱ्याला तपासायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"आई," त्या चाचरत म्हणाल्या, "मला वाटतं, आता तुम्ही विश्रांती घ्यावी."

"म्हणजे मला येतं म्हणून काढतेस?"

"तसंच म्हणा."

"चांगलं येतं म्हणून माणसाला काढलेलं मी पहिल्यांदा ऐकते."

"आमच्या ऑफिसात नेहमी काढतात, आई."

सासूबाई हसल्या, पण त्या दिवशी जरा कमीच बोलल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढला. "दुसरं माणूस बघावं लागेल तुला. शेजारपाजारचं कोणी नको हं. त्या सगळ्यांना मीच शिकवलंय."

पुढचे दोन दिवस पायरीबाई अज्ञान शोधत फिरल्या. ते वाटतं तितकं सोपं नाही. ज्याला काही येत नाही असा प्रत्येक जण 'मला सगळं येतं' असं सांगत होता. वाण्याने कागद न वाचता यंत्र उलटं जोडलं आणि यंत्रातच दोष काढला. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने तर कागदात कशी सुधारणा करावी यावर अर्धा तास ऐकवलं आणि यंत्राला हातही लावला नाही.

शनिवारी दुपारी पायरीबाई खोलीत डोकं धरून बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली.

"अगं, हा ओव्हन उघडतो कसा?"

पायरीबाई उठल्या आणि दारात थांबल्या. नवरा हातात दुधाचा पेला घेऊन ओव्हनसमोर उभा होता आणि दाराला वरून, खालून, बाजूने चाचपडत होता. तो ओव्हन त्या घरात सात वर्षं होता. दार उघडायचं बटण हाताच्या पंज्याएवढं होतं.

तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने घरातल्या एकाही यंत्राला हात लावलेला नव्हता. पायरीबाईंनी यावरून कितीदा भांडण काढलं होतं याची मोजदाद नाही. आणि इतकं निर्भेळ, अस्पर्श अज्ञान घरच्या घरी पडून होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"अहो," त्या अतिशय प्रेमाने म्हणाल्या, "जरा बाहेर येता?"

प्रकरण समजल्यावर नवरा म्हणाला, "हे बरं आहे. माझा या धंद्याला विरोध आहे. विरोध करणाऱ्यालाच कामाला लावतेस?"

"विरोधकच हवाय. सांभाळून घेणाऱ्याचा उपयोग नाही."

"मग मी माझ्या पद्धतीने करणार. जे लिहिलंय तेवढंच वाचणार. लिहिलं नाही ते नाही. आणि आक्षेप लेखी देणार."

"द्या."

त्याने दिले. पहिल्या दिवशी सतरा. ऑफिसात दावा परत पाठवताना लिहितात त्याच भाषेत, क्रमांक टाकून.

*पायरी २ : 'कपात औषध घाला.' कप कोणता? खोक्यात कपासारख्या दोन वस्तू आहेत. अर्जदार गोंधळात.*

*पायरी ३ : 'झाकण फिरवून घट्ट लावा.' किती घट्ट? कोणाच्या मते घट्ट?*

*पायरी ६ : 'थोडा वेळ थांबा.' आमच्या कंपनीत थोडा वेळ म्हणजे दीड वर्ष.*

पायरीबाईंनी दात-ओठ खात कागद नव्याने लिहिला. दुसऱ्या दिवशी आक्षेप अकरा. तिसऱ्या दिवशी तेरा, कारण सुधारताना त्यांनी नव्या चुका केल्या होत्या. त्या तेराव्या आक्षेपावर त्यांचा तोल गेला. 'मास्क नाकातोंडावर धरा' यावर नवऱ्याने लिहिलं होतं : *कोणाच्या?*

"हे मुद्दाम आहे!" त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी परत ऑफिसात जायला हवीय म्हणून हे चाललंय."

"तुझ्या कारखानदाराच्या ग्राहकांत लहान मुलांच्या आया असतील ना? त्या कागद वाचणार. मास्क मुलाला लावायचा. लिहिलंय कुठे?"

त्याचं बरोबर होतं, आणि याहून चीड आणणारी गोष्ट संसारात दुसरी नसते.

थोड्या वेळाने नवराच म्हणाला, "तू परत जावंस असं मला वाटतं, हे खोटं नाही. पण त्यासाठी मी खोटा आक्षेप लिहिणार नाही. सव्वीस वर्षांत लिहिलेला नाही."

"एवढं भ्यायचं काय त्यात पण? जमलं नाही तर दुसरी नोकरी शोधेन."

तो यंत्राची नळी बोटांभोवती गुंडाळत बसला. "माझ्या टेबलावर काय येतं माहितीये तुला? जळालेलं दुकान. बुडालेलं गोदाम. कोणीतरी हौसेने सुरू केलेलं काहीतरी, आणि खाली सही. रोज चार. सव्वीस वर्षं रोज चार." नळी सुटून आली. त्याने ती पुन्हा गुंडाळली. "ज्याचं दुकान चालतं तो मला कधी पत्र पाठवत नाही. मला वाटायला लागलं, असं कोणाचं नसतंच."

तेवीस वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. पायरीबाईंनी कागद ओढला आणि लिहिलं : 'मास्क रुग्णाच्या नाकातोंडावर धरा.'

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता ठीक," नवरा म्हणाला. आणि पुढच्या पायरीकडे वळला.

गुरुवारी आक्षेप दोन उरले. एक टाईप बारीक असल्याचा, दुसरा कागदाला घातलेली घडी नेमकी पायरी चारवरून जाते म्हणून. पायरीबाईंनी दोन्ही निस्तरले. 'घट्ट' हा शब्द गेला होता. त्या जागी आलं होतं : 'झाकण उजवीकडे फिरवा. टक् असा आवाज आला की थांबा.' संध्याकाळी नवऱ्याने सुरुवातीपासून सगळं पुन्हा केलं, ओठ हलवत, बोट ओळीवर ठेवून. यंत्र घरघरलं आणि मास्कमधून पांढरी वाफ आली. त्याने हात मागे घेतला. कोणीतरी फसवतंय का अशा नजरेने तो वाफेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे मी केलं?"

शुक्रवारी त्याने अर्धा दिवस रजा टाकली. कारखान्याच्या जिन्याखाली बाकावर जाऊन बसला. वर यायला त्याला परवानगी नव्हती, आणि धीरही नव्हता.

परीक्षा तीन वाजता सुरू झाली. पहिल्या दोघांनी वाफ काढली. तिसऱ्याने कागदाकडे बघितलंच नाही. तो विक्री विभागातला होता आणि त्याला न वाचता सगळं कळायचं. मास्क उलटा लावून तो आत्मविश्वासाने बाहेर पडला. चौथीने वाफ काढली. पाचव्याने चष्मा घरी विसरल्याचं सातव्या मिनिटाला कबूल केलं. तीन जमले, दोन गेले. उरली एक.

सहावी बाई साठीच्या पुढची. कारखान्यात मास्कचे पट्टे शिवून द्यायची, पण ते पट्टे पुढे कुठे लागतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने कागद टेबलावर सरळ केला, कापड बेतताना करतात तसा हाताने सपाट केला, आणि वाचायला लागली. पायरी एक. पायरी दोन. कप बरोबर उचलला. पाणी रेघेपर्यंत घातलं. झाकण घेतलं, फिरवायला लागली आणि थांबली.

पुन्हा वाचलं. पुन्हा थोडं फिरवलं. कप कानाशी नेला.

पायरीबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. बाईला ऐकू कमी येत होतं. एकोणीस वर्षांची माहितीपुस्तिकावाली आणि सव्वीस वर्षांचा आक्षेपवाला, दोघांनी मिळून जगातल्या सगळ्यांना नीट कान दिले होते. टक् झालेलं खोलीत सगळ्यांनी ऐकलं. फक्त जिला ऐकायचं होतं तिने नाही. ती आणखी फिरवणार, आटे चढणार, झाकण फुटणार. कारखानदाराने घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा मिनिटं. पायरीबाईंनी जीभ दातांत धरली.

बाईने झाकण उलटं फिरवून काढलं. पुन्हा लावलं. यावेळी डोळे मिटले आणि अंगठा कडेवर ठेवून अगदी सावकाश फिरवलं. एका जागी तिचा अंगठा थबकला. तिने मान हलवली, डोळे उघडले आणि पुढच्या पायरीवर आली.

नवव्या मिनिटाला वाफ आली.

"चार," कारखानदार म्हणाला आणि वहीत लिहिलं. "कागद तयार करतो. बसा तुम्ही."

पायरीबाई बसल्या नाहीत. त्या उठून शिवणवाल्या बाईंसमोर गेल्या आणि मोठ्याने, तोंड स्पष्ट दिसेल असं म्हणाल्या, "तुम्ही थांबलात कशा? आवाज तर ऐकू आला नाही तुम्हाला!"

"अंगठ्याला कळतं की," बाई म्हणाल्या. "टिचबटण बसतं तेव्हा कळतं तसं. ते का नाही लिहिलंत?"

"मला माहीत नव्हतं."

"मग आता लिहा."

पायरीबाईंनी तिथेच उभ्याने लिहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दर मंगळवारी माझ्याकडे याल? नवं यंत्र आलं की कागद वाचून दाखवायचा. कामाचे पैसे देईन."

"मला यंत्रातलं काही कळत नाही हो बाई."

"म्हणूनच."

शिवणवाल्या बाईंनी विचार केला. "पण करता करता कळायला लागलं तर?"

"लागेलच. वर्षभरात लागेल."

"मग?"

"मग तुमच्याशी चहा प्यायला येईन, पण कागद दुसऱ्या कोणाला देईन. मागच्या बाईंना एकोणीस वर्षं ठेवलं, ते चुकलं."

बाईंनी हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी नको. बुधवारी येते."

करार तयार होईतो पायरीबाई खाली आल्या. जिन्याशी नवरा उभा होता. पायरीबाईंनी लांबूनच चार बोटं दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला लपवता आलं नाही, म्हणून त्याने घड्याळात पाहिलं. चार वाजून बावीस.

"अजून अडतीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "मागे घ्यायचा असेल तर."

"तुमचं काय मत?"

"वर्षभराचा करार आहे. वर्षानंतर काय, ते त्यात लिहिलेलं नसणार."

"नसणार."

"हं." तो थोडा वेळ बाकाच्या कडेवर हात फिरवत राहिला. "मग जे दोघं नापास झाले ते कुठे आहेत? गेले नाहीत ना अजून?"

"एक जण चष्मा घरी विसरला होता, तो पहिल्या मजल्यावर असेल. का?"

"त्याचा आक्षेप लेखी घ्यायला हवा," नवरा म्हणाला आणि खिशातून पेन काढत जिना चढायला लागला.